लेझरने चष्मा घालवण्याआधी

(तरुण संघ आणि महिला मंडळ यांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी तुमच्यापुढे नंदुरबार जिल्ह्यातल्या कामाविषयी बोलते. आश्रमशाळा, कुपोषण, सिकलसेल हे विषय आता तुम्हाला पाठ झाले असतील. या वेळी मी मुद्दाम वेगळा विषय निवडला आहे. गेल्या वर्षभरात आमच्याकडे मदतीसाठी जे अर्ज आले, त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला आहे: लेझर. नवापूरचा तरुण लिहितो, ‘लेझर करायचं आहे, मदत व्हावी.’ धडगावच्या पाड्यावरची आजी सांगते, ‘माझ्या डोळ्याला लेझर लाव, ताई.’ आणि तुमच्यापैकी एका कुटुंबाने दानार्पणाच्या पाकिटावर लिहून दिलं, ‘एखाद्या अंध मुलाच्या लेझर ऑपरेशनसाठी.’ तिघांच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि शब्द मात्र एकच आहे. त्यातून काय काय घोटाळे होतात ते आम्ही रोज पाहतो, म्हणून आज जरा सविस्तर बोलते. मी डॉक्टर नाही. रुग्णांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यांत बसणं, डॉक्टर सांगतात ते घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगणं, हे माझं काम. तेवढ्या अनुभवावर बोलणार आहे.

आधी आजीचं सांगते. तिला मोतीबिंदू आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावं लागतं. लोक सर्रास म्हणतात ‘लेझरने मोतीबिंदू काढला’, पण फेको नावाच्या ज्या शस्त्रक्रियेला ते लेझर म्हणतात, तिच्यात भिंग फोडण्याचं काम ध्वनिलहरी करतात. मोठ्या शहरांत काही ठिकाणी या शस्त्रक्रियेच्या काही टप्प्यांसाठी लेझर वापरतात, हे खरं. पण आमच्या आजीला त्याची काही गरज नाही. सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात तिचं ऑपरेशन फुकट किंवा अगदी थोडक्या पैशांत होतं. देशात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणजे ज्या आंधळेपणासाठी तुमचं मन द्रवतं, त्यातला बराचसा लेझरशिवाय बरा होणारा आहे.

मोतीबिंदू काढल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर लोक घाबरतात, ‘परत आला’ म्हणतात. तो परत येत नाही. नव्या भिंगामागची पातळ पिशवी पांढरी पडते. तिथे मात्र लेझर लागतो, याग लेझर. काही मिनिटांत बसल्या जागी होतं. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडल्या तर लेझर देतात. सिकलसेलमध्येही तशी वेळ येऊ शकते, म्हणून आमच्या भागातल्या सिकलसेलच्या रुग्णांनी मागच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. काचबिंदूच्या एका प्रकारात बुबुळाच्या कडेला लेझरने बारीक छिद्र पाडतात. ही सगळी कामं असलेली नजर वाचवण्याची आहेत. त्यांना उशीर चालत नाही.

नवापूरच्या तरुणाला हवा असलेला लेझर यांपैकी कोणताच नाही. त्याला चष्म्याचा नंबर घालवायचा आहे. त्या शस्त्रक्रियेने अंध माणूस डोळस होत नाही. चष्मा लावून ज्याला जितकं दिसतं, साधारण तितकंच चष्म्याशिवाय दिसावं, एवढाच तिचा उद्देश. चष्मा लावूनही जर फळ्यावरचं दिसत नसेल, तर कारण दुसरीकडे आहे. लहानपणी नंबर असून चष्मा न मिळाल्यामुळे जो डोळा आळशी झाला, त्यालाही या लेझरचा उपयोग नाही. त्याला चष्मा हवा होता, तोही वयाच्या सातव्या-आठव्या वर्षाच्या आत.

हे यंत्र करतं तरी काय? डोळ्याच्या पुढच्या बाजूला, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक भाग असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. प्रकाश आत वळवण्याचं बरंचसं काम त्याच्या गोलाईमुळे होतं. गोलाई आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ बसला नाही की नंबर येतो. लेझर ही गोलाई बदलतो. उणे नंबर असेल तर मधला भाग किंचित सपाट करतो. ज्या लेझरने हे होतं त्याचं नाव एक्सायमर. त्याचा शोध डोळ्यांसाठी लागलाच नव्हता. चेन्नईत जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात या किरणांनी प्लास्टिकवर बारीक कोरीव काम कसं होतं ते पाहत होते. नोव्हेंबर 1981 मध्ये थँक्सगिव्हिंग म्हणजे उपकारस्मरणाच्या सणाला घरी टर्की पक्ष्याचं जेवण झालं, आणि उरलेला एक तुकडा ते दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेले. किरणांनी त्यावर अगदी स्वच्छ खाच पडली. आजूबाजूचा भाग जळला नाही, करपला नाही. दोन वर्षांनी, 1983 मध्ये, स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर त्यांनी हीच गोष्ट कॉर्नियावर करून पाहिली. आपल्याकडेही सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं जेवण डब्यातून ऑफिसात जातं, पण त्यातून एवढा शोध लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

पद्धती निरनिराळ्या आहेत. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा उचलतात, खाली लेझर देतात आणि पापुद्रा परत जागेवर ठेवतात. पीआरके या जुन्या पद्धतीत पापुद्रा कापत नाहीत. सर्वांत वरची नाजूक साय काढून थेट लेझर देतात. त्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर हळूहळू स्थिरावते. स्माइलमध्ये बारीक चिरेतून कॉर्नियाच्या आतली एक पातळ चकती काढून घेतात. आणि नंबर फार मोठा असेल किंवा कॉर्निया पातळ असेल तर लेझरऐवजी डोळ्यात जादा भिंग बसवण्याचा पर्याय असतो, त्याला आयसीएल म्हणतात. कोणती पद्धत नवी आणि कोणती महाग यापेक्षा कोणती आपल्या डोळ्याला चालेल, हे विचारायचं. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्याला किंवा फौजेत जाणाऱ्याला डोळ्यावर मार बसण्याची शक्यता जास्त. लॅसिकचा पापुद्रा जोराच्या माराने नंतरही सरकू शकतो. त्यामुळे अशा मुलांना डॉक्टर बहुधा पापुद्रा नसलेली पद्धत सुचवतात.

आता हिशोबाचा भाग. तरुण मित्रांनी लक्ष द्यावं, कारण जाहिरातीत हा हिशोब नसतो. कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 ते 550 मायक्रॉन. लॅसिकचा पापुद्रा त्यातले सुमारे 110 मायक्रॉन घेतो. मग प्रत्येक एका नंबरामागे लेझर साधारण 12 ते 15 मायक्रॉन झिजवतो. आणि खाली निदान 250 मायक्रॉन तरी शाबूत राहिले पाहिजेत. अनेक डॉक्टर त्याहून जास्तच ठेवतात. समजा एका मुलाची कॉर्निया 530 आहे आणि नंबर उणे 4. पापुद्र्याचे 110 आणि नंबराचे 55-60 गेले तरी 360 उरतात. दुसऱ्या मुलाची कॉर्निया 470 आणि नंबर उणे 8. त्याचे 110 गेले, वर आणखी 110 गेले. उरले 250, काठावर. पहिल्याला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर त्याचा शत्रू नसतो.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. मावची समाजातली, नर्सिंग शिकणारी. लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलाकडच्यांनी चष्म्याविषयी काहीतरी म्हटलं. घरच्यांनी ऊसतोडीचे पैसे साठवले होते ते काढले. ते दरवर्षी दिवाळीनंतर गुजरातेत तोडणीला जातात, त्या पैशांत किती घाम असतो ते तुम्हाला माहीत आहे. शहरात तपासणी झाली. तिचा तिरपा नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात, दर वर्षी वाढत होता आणि तिला डोळे चोळायची सवय होती. डॉक्टरांनी कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावर डोळा पाहिला आणि लेझरला साफ नकार दिला. केराटोकोनस. कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखी पुढे येते, असा हा आजार. बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. अशा डोळ्यावर लेझर मारला तर मुळातच दुबळी झालेली कॉर्निया आणखी खचते आणि नजर चष्म्यानेही सुधारत नाही अशी अवस्था येऊ शकते.

बाप चिडला. मला म्हणाला, ‘ताई, पैसे कमी पडतात म्हणून हाकललं आपल्याला. मोठ्या माणसाच्या पोरीचं केलं असतं.’ त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. आमच्या लोकांना इतक्या खिडक्यांवरून परत पाठवलेलं असतं की खरा नकार आणि खोटा नकार यांतला फरक कळणं कठीण होतं. मी डॉक्टरांना विनंती केली की तो नकाशा बापाला दाखवा. त्यांनी दाखवला. पडद्यावर रंगांचे डाग होते, खाली एक लालभडक ठिपका. डॉक्टर म्हणाले, ‘मडक्याचा बूड जिथे पातळ झाला आहे तिथेच मी घासायचं का?’ बापाला ते पटलं. मुलीवर वेगळी प्रक्रिया झाली, ज्यात औषधाचे थेंब आणि अतिनील किरण यांनी कॉर्निया घट्ट करतात, म्हणजे आजार पुढे सरकत नाही. चष्मा राहिला. लग्नही ठरलं, दुसरीकडे. मला विचाराल तर बरं झालं.

म्हणून लेझरची चौकशी करायला जाल तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नको. कॉर्नियाची जाडी किती, नकाशा काढला का, मागचा पडदा बाहुली मोठी करून पाहिला का, डोळे कोरडे आहेत का, हे विचारा. वय अठरा पूर्ण हवं आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. जुन्या चष्म्याचे कागद बरोबर न्या, त्यावरूनच ते कळतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स निदान दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त काळ आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर मोजमाप चुकतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने थांबावं. त्या काळात नंबर बदलू शकतो. संधिवातासारखे काही आजार आणि काही औषधं चालू असतील तर लपवू नका. तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच दिवशी उरकायची घाई कोणी करत असेल, ‘आजच पैसे भरले तर सवलत’ म्हणत असेल, तर उठून घरी या. नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया एक महिना पुढे ढकलल्याने कोणाचा डोळा गेला नाही.

आमच्या भागात या मागणीचं सर्वांत मोठं कारण लग्न नाही, भरती आहे. पहाटे नवापूर-नंदुरबार रस्त्याने गेलात तर डांबरावर धावणारी पोरं दिसतील. पोलीस, सैन्य, निमलष्करी दल, रेल्वे. जमीन थोडी, पावसावरची. पगाराची नोकरी म्हणजे घराचा कायापालट. आयटीआय झालेला एक मुलगा आमच्याकडे आला. नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही ऐकलं असेल, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिथे गाड्या बघत हा वाढलेला. त्याला इंजिन चालवायचं होतं, सहायक लोको पायलट व्हायचं होतं. नंबर उणे अडीच. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, लेझर करून घे, कोणाला कळत नाही, दवाखान्याची व्यवस्था मी करतो. बाप बैलजोडी विकायला निघाला होता.

आम्ही त्याला भरतीची जाहिरात पूर्ण वाचायला बसवलं. वैद्यकीय अटींच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला चालत नाही. म्हणजे चष्मा असेल तरी नाही आणि लेझर केला तरी नाही. आणि ‘कळत नाही’ हे खोटं आहे. लॅसिकच्या पापुद्र्याची कड तपासणीच्या सूक्ष्मदर्शकात दिसू शकते, जाडी मोजली की पातळपणा कळतो, नकाशात तर सगळंच उघड होतं. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मग आता?’ या प्रश्नाला माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. रेल्वेतच इतर पदं आहेत ज्यांना चष्मा चालतो. त्या तयारीला तो लागला आहे. बैल दावणीला आहेत.

सगळीकडे असाच नियम आहे असं नाही. काही ठिकाणी शस्त्रक्रिया चालते, पण वय, ती होऊन किती काळ झाला आणि कॉर्निया किती उरली यांच्या अटी असतात. काही ठिकाणी अजिबात चालत नाही. दल बदललं की नियम बदलतो आणि वर्षागणिक सुधारणाही होतात. म्हणून आधी जाहिरात, मग डॉक्टर, मग पैसे, या क्रमाने जायचं. तुमच्यातले जे सरकारी नोकरीत आहेत त्यांनी आमच्या मुलांना जाहिरात वाचून दाखवायला वर्षातले दोन शनिवार दिले तर एखाद्या देणगीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय होतं याची भीती मनात असते, ती थोडक्यात घालवते. इंजेक्शन नसतं. थेंब टाकून डोळा बधिर करतात. पापण्या उघड्या ठेवायला बारीक चाप लावतात, त्यामुळे ‘मी मिटला तर?’ ही चिंता नको. दिव्याकडे बघत राहायचं. लॅसिकमध्ये मध्येच डोळ्यावर दाब येतो आणि क्षणभर अंधारून येतं. ते आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही. केस जळल्यासारखा वास येतो. लेझर प्रत्यक्ष चालतो तो अनेकदा मिनिटभरही नाही. त्याच दिवशी घरी सोडतात. काही तास झोंबतं, पाणी येतं.

खरी काळजी नंतरची आहे, आणि तिथेच शहरातला रुग्ण आणि पाड्यावरचा रुग्ण यांच्यात फरक पडतो. दुसऱ्या दिवशी दाखवायला यायचं, मग आठवड्याने, मग महिन्याने. धडगावच्या डोंगरातून हे तीन हेलपाटे म्हणजे प्रत्येकी दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं. डोळे चोळायचे नाहीत, आणि घरात चुलीचा धूर. नदीत, तळ्यात डोकं बुडवायचं नाही, काही आठवडे. शेतातली धूळ, कडब्याचं कुसळ, तोडणीचा फड, सगळं टाळायचं. टाळणार कसं? तोडणीच्या हंगामात हे ऑपरेशन करूच नये, असं मी स्पष्ट सांगते. आणि डोळा लाल झाला, दुखू लागला, अचानक धूसर झाला तर घरचा उपाय नको, त्याच दिवशी डॉक्टर. आमच्याकडे अजून डोळ्यात झाडपाल्याचा रस पिळतात. रुईच्या चिकाने कॉर्निया गढूळ झालेले डोळे आम्ही पाहिले आहेत.

थेंबांचं एक महत्त्वाचं. शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडचे थेंब ठरावीक दिवस देतात. त्यांनी डोळ्याला आराम वाटतो, म्हणून लोक बाटली संपली की मेडिकलमधून तीच पुन्हा आणतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे हे थेंब चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. लेझर उत्तम झाला आणि थेंबांनी घात केला, असं होऊ देऊ नका. हे तुमच्या घरातल्या कोणत्याही डोळ्याच्या थेंबांना लागू आहे.

पुष्कळ लोक या शस्त्रक्रियेवर समाधानी असतात, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी घाबरवते आहे असं वाटेल. बहुतेकांना चष्म्याशिवाय छान दिसतं. पण काही महिने डोळे कोरडे वाटणं, खुपणं हे बऱ्याच जणांना होतं आणि थोड्यांचं ते लांबतं. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं. कधी थोडा नंबर उरतो किंवा पुढे पुन्हा येतो, आणि दुसऱ्यांदा लेझर द्यायचा तर तेवढी कॉर्निया शिल्लक लागते. चाळिशी तर कोणालाच चुकत नाही. विशीत लेझर केलेल्यालाही चाळिशीनंतर पवित्र शास्त्र वाचायला चष्मा लागणारच, कारण ती डोळ्यातल्या भिंगाची गोष्ट आहे, कॉर्नियाची नाही. मोठा उणे नंबर असलेल्याचा मागचा पडदा ताणलेला असतो आणि लेझरने तो ताण जात नाही. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले, बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर नंबर गेला म्हणून स्वस्थ बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. आणि शस्त्रक्रियेआधीची मोजमापं लिहिलेला कागद जपून ठेवावा, लग्नाच्या दाखल्याबरोबर. म्हातारपणी मोतीबिंदूचं भिंग किती नंबरचं बसवायचं हे काढताना त्याची मदत होते.

संमतीपत्रावर सही करण्याविषयी माझा एक हट्ट असतो. ते इंग्रजीत असतं, कधी मराठीतही. आमच्या रुग्णाची भाषा पावरी किंवा मावची. अंगठा घेण्याआधी ते त्याच्या भाषेत सांगितलं जावं आणि मग त्यानेच उलट आपल्याला सांगावं, काय होणार आहे आणि काय बिघडू शकतं. परिचारिकांना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे. बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने हात लावल्यावर काही दिसतं का असं विचारलं, आणि त्या माणसाने दिसतं तसं, अस्पष्ट, खरंखरं सांगितलं. प्रभूला बरं वाटावं म्हणून त्याने ‘सगळं छान’ म्हटलं नाही. आमचे लोक मात्र मोठ्या डॉक्टरांपुढे नेहमी ‘बरं आहे, साहेब’ म्हणतात आणि बाहेर येऊन मला सांगतात की उजव्या डोळ्याने दोन चंद्र दिसतात.

आता पैशांविषयी, कारण त्याशिवाय ही सभा पूर्ण होणार नाही. दोन्ही डोळ्यांच्या लेझरचा खर्च पद्धतीप्रमाणे 30-40 हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. आरोग्य विम्यात नंबर 7.5 पेक्षा कमी असेल तर हा खर्च सहसा मिळत नाही. आम्हाला एक साधा चष्मा 400 रुपयांत पडतो. 40 हजारांत आश्रमशाळेतल्या 100 मुलांना फळा दिसू लागतो. या हिशोबापुढे चष्मा घालवण्यासाठी धर्मादाय पैसा वापरावा असं मला वाटत नाही, आणि आमच्या समितीतही बहुतेकांचं हेच मत आहे. स्वतःच्या कमाईतून कोणी करत असेल तर त्याला आम्ही योग्य ठिकाणी नेऊ, प्रश्न विचारायला मदत करू. त्याला पोकळ हौस म्हणून हिणवणार नाही. चष्म्यावरून पोरींना काय काय ऐकावं लागतं, ते चष्मा न लावणाऱ्यांनी सांगू नये.

पण या नियमाला मी स्वतः एकदा विरोध केला. एका शेतमजूर बाईचा एक डोळा जवळजवळ बिननंबरी आणि दुसरा उणे 7. चष्मा लावला की दोन डोळ्यांतली चित्रं लहानमोठी दिसतात, डोकं गरगरतं, म्हणून ती चष्मा घालूच शकत नव्हती. विळा चालवताना अंतराचा अंदाज चुकायचा आणि बोटं कापायची. कॉन्टॅक्ट लेन्स तिच्या घरात, पाण्याच्या त्या टंचाईत, स्वच्छ राहणं शक्य नव्हतं. समितीत वाद झाला. मी म्हटलं, बार्तीमय उघड उघड आंधळा होता, तरी त्याला काय हवं आहे हे प्रभूने त्यालाच विचारलं. आपणही या बाईला विचारू. तिने सांगितलं, ‘दोन्ही हात शाबूत राहू दे.’ तपासण्या नीट आल्या, एका डोळ्याचाच लेझर झाला, आणि तो खर्च आम्ही दिला. कोणी विचारलं तर मी आजही त्याचं समर्थन करीन.

म्हणून ज्या कुटुंबाने पाकिटावर ‘अंध मुलाच्या लेझरसाठी’ लिहिलं त्यांना मी भेटले. ती रक्कम त्यांच्या परवानगीने आश्रमशाळांतल्या डोळे तपासणीकडे वळवली आहे. आणखी दोन विनंत्या. घरातले जुने चष्मे गोळा करून आणू नका. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आमच्या मुलाला उपयोगी पडत नाही आणि ते वर्गवारी करण्यात आमचे दिवस जातात. आणि ज्यांची घरं शहरात डोळ्यांच्या रुग्णालयांजवळ आहेत त्यांनी ऑपरेशननंतरच्या एका रात्रीसाठी एक रुग्ण आणि त्याच्याबरोबरचा एक माणूस यांना ठेवून घेता येईल का ते बघा. सकाळची तपासणी करून ते दुपारच्या गाडीने जातात. जेवण साधं चालतं, फक्त झोपायच्या खोलीत उदबत्तीचा किंवा मच्छर अगरबत्तीचा धूर नको. वही सचिवबाईंकडे आहे, त्यात नाव आणि फोन लिहा. आता तुमचे प्रश्न घेते. मागच्या बाकावरून आधी.